वाटाड्या, होकायंत्र आणि उपग्रह

वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे जानेवारी १८२३ मध्ये विल्यम लॅम्टन या इंग्रज सर्वेक्षकाचे निधन झाले. हैदराबादहून नागपूरकडे जात असता वाटेतच तो गेला. त्याची कबर त्याच गावी आहे. हिंगणघाट कापसाच्या बाजारपेठेसाठी प्रसिद्ध. तेथे कडे नाहीत, सुळके नाहीत, त्यामुळे सह्याद्रीत भटकणाऱ्या मंडळींची पावले तिकडे वळण्याचे कारण पडत नाही. वस्तुतः हातात सरकारी नकाशा घेऊन डोंगरात शिरणारा प्रत्येक जण या माणसाचे ऋण घेऊन चाललेला असतो. १८०२ च्या एप्रिलमध्ये मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटपाशी लॅम्टनने साडेसात मैलांची एक आधाररेषा साखळीने मोजली. त्या रेषेपासून निघालेली त्रिकोणांची माळ त्याच्या पश्चात हिमालयापर्यंत पोहोचली.

डोंगरवाटांवर जीपीएस यंत्र न्यावे की कागदी नकाशा आणि होकायंत्र, हा वाद गिर्यारोहकांत आता जुना झाला आहे. एक बाजू बॅटरी संपल्याचे दाखले देते, दुसरी धुक्यात नकाशा निरुपयोगी ठरल्याचे. दोन्ही बाजूंचे म्हणणे खरे आहे आणि म्हणूनच त्या वादातून फारसे काही हाती लागत नाही. आम्ही मराठी शिकवणारी माणसे. यंत्रांची तुलना करण्याचा अधिकार आमचा नव्हे. परंतु वाट कोणाला ठाऊक असते, कोणत्या भाषेत ठाऊक असते आणि ती दुसऱ्याच्या हाती कशी जाते, हा प्रश्न आमच्या विषयाच्या अगदी जवळचा आहे. त्या अंगाने पाहू गेल्यास नकाशा आणि जीपीएस ही दोन विरुद्ध टोके राहत नाहीत. सह्याद्रीतील माणसाच्या दृष्टीने दोन्ही बाहेरून आली आणि दोन्हींनी एकाच व्यक्तीची जागा घेतली. ती व्यक्ती म्हणजे वाटाड्या.

वाटाड्याचे ज्ञान त्याच्या पायांत असते तितकेच त्याच्या शब्दांतही असते. महादेव कोळी, ठाकर, कातकरी, धनगर यांच्या बोलण्यातून आलेली डोंगराच्या अवयवांची नावे एकदा ओळीने उच्चारून पाहावीत: कडा, सुळका, सोंड, धार, पदर, माची, नाळ, घळ, खिंड, बारी, नेढे, बेचके. सोंड हत्तीची, पदर लुगड्याचा, नेढे सुईचे. घरातली आणि गोठ्यातली वस्तू उचलून डोंगरावर ठेवावी तशी ही भाषा आहे. ‘उजवीकडची ढोरवाट सोडायची, पदरात उतरायचे, टाके लागले की सोंडेने खाली’ एवढ्या सांगण्यात दिशा आली, उतार आला, पाणी आले आणि मुख्य म्हणजे कोठे चुकायला होते तेही आले. ढोरवाट म्हणजे गुरांच्या पायांनी पडलेली वाट. ती ठसठशीत असते, माणसाच्या वाटेहून अधिक भरवशाची वाटते, आणि कुठल्यातरी चरणीच्या मोकळ्या जागेत जाऊन विरून जाते. डोंगरात नवखा माणूस चुकतो तो बहुधा तिच्यामुळेच. तिला स्वतंत्र नाव देणाऱ्या भाषेने निम्मे काम आधीच करून ठेवलेले असते.

चुकण्यालाही या भाषेत नाव आहे. रानात फिरून फिरून माणूस त्याच जागी येतो तेव्हा त्याला चकवा लागला असे म्हणतात. आपण सुशिक्षित मंडळी या शब्दाकडे लोकभ्रम म्हणून पाहत आलो. २००९ साली यान सौमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. जर्मनीतल्या एका जंगलात आणि ट्युनिशियाच्या वाळवंटात त्यांनी माणसांना सरळ चालत राहण्यास सांगितले. सूर्य दिसत होता तोवर ती बऱ्यापैकी सरळ गेली. ढगांनी सूर्य झाकला की जंगलात ती गोल गोल फिरू लागली, स्वतःच्याच वाटा ओलांडू लागली, आणि आपण सरळच चाललो आहोत अशी त्यांची समजूत होती. भुताचा भाग सोडला तर चकव्याचे वर्णन याहून वेगळे काय असते? होकायंत्राचे ऐतिहासिक कार्य एका वाक्यात सांगायचे झाले तर त्याने चकवा उतरवला, असेच म्हणावे लागेल.

वाट दाखवण्याच्या इतिहासाबरोबर वाट लपवण्याचाही इतिहास चालत असतो. रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र आपण एम. ए. च्या वर्गात राजनीतीचा आणि गद्यशैलीचा नमुना म्हणून शिकवतो. त्यातील दुर्गप्रकरण डोंगर चढणाऱ्याच्या नजरेने वाचले तर वेगळेच दिसते. गडाची वाट सुगम असू नये, असेल तर ती मोडून झाडी वाढवावी आणि अवघड वाट घालावी. एकच दरवाजा असणे हा दोष, म्हणून दुसरे दरवाजे आणि चोरदिंड्या ठेवाव्यात, अशी ती दृष्टी आहे. ज्या वाटा आज आपण हौसेने शोधतो, त्या सापडू नयेत म्हणूनच घातलेल्या होत्या. १८१८ मध्ये हे किल्ले कंपनीच्या हाती गेल्यावर इंग्रजांनी अनेक गडांच्या पायऱ्या आणि वाटा सुरुंगांनी उडवल्या. म्हणजे त्यांनी एकीकडे वाट मोडली आणि दुसरीकडे त्याच मुलखाचा नकाशा काढायला घेतला. यात विसंगती नाही. गडावर पुन्हा कोणी बसू नये आणि गड कोठे आहे हे आपल्याला अचूक कळावे, या दोन्ही गरजा एकाच राज्याच्या होत्या.

मराठ्यांकडे नकाशे नव्हतेच असे नव्हे. मोडी अक्षरांत गावांची, नद्यांची, गडांची नावे घातलेले चित्रनकाशे उपलब्ध आहेत. त्यांत डोंगर आडवे झोपवलेले असतात, झाडे रंगवलेली असतात, प्रमाण नसते. ज्याने तो मुलूख पाहिला आहे त्याला आठवण देण्यासाठी ते काढलेले असतात. लॅम्टनच्या आणि त्याच्यानंतर सूत्रे हाती घेतलेल्या जॉर्ज एव्हरेस्टच्या कामाची जातच निराळी. त्यांचा अर्ध्या टनाचा थिओडोलाइट माणसांच्या खांद्यांवरून टेकड्यांच्या माथ्यांवर गेला. तीन माथ्यांमधले कोन मोजायचे, एक बाजू ठाऊक असली की उरलेल्या दोन गणिताने काढायच्या, आणि त्या बाजूंवर पुढचा त्रिकोण उभा करायचा. जो मुलूख कधीच पाहिला नाही त्यालाही वाचता यावा असा हा नकाशा. वाटाड्याची गरज येथे प्रथम संपली, निदान कागदावर तरी.

कागदावर म्हणण्याचे कारण आहे. जेथे इंग्रजाला पाऊल टाकता येत नव्हते तेथे सर्वेक्षण खात्याने वाटाड्यालाच यंत्र केले. कुमाऊंमधील नैनसिंह रावत १८६५-६६ मध्ये वेष पालटून ल्हासापर्यंत गेले. त्यांच्या हातच्या जपमाळेत १०८ ऐवजी १०० मणी होते आणि दर शंभर पावलांना एक मणी सरकत असे. प्रार्थनाचक्रात मंत्राऐवजी टिपणे आणि होकायंत्र दडवलेले असे. पावलांचे अंतर एकसारखे पडावे यासाठी त्यांना आधी शिक्षण दिलेले होते. माणसाच्या चालण्यातून माणूस वजा करून उरेल ते अंतर हवे होते. आज खिशातला फोन आपली पावले मोजतो तेव्हा आम्हांस ही जपमाळ आठवते.

सर्वेक्षणाचा आणखी एक परिणाम आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक गंभीर आहे. नकाशावर नाव लिहावे लागते आणि ते कोणी तरी ऐकून, कोणत्या तरी लिपीत लिहितो. खंडाळ्याच्या नागफणीला वेलिंग्टनच्या ड्यूकचे नाक दिसू लागले आणि ‘ड्यूक्स नोज’ हे नाव आजही मुंबई-पुण्याच्या सहलींच्या जाहिरातींत टिकून आहे. कर्नाळ्याचा सुळका ‘फनेल हिल’ झाला, म्हणजे नरसाळे. गंमत अशी की येथेही साहेबाने घरातली वस्तूच उचलून डोंगरावर ठेवली. फक्त घर त्याचे होते. मोठ्या डोंगरांची मूळ नावे तरीही टिकली, कारण ती गावकऱ्यांच्या तोंडी होती. ज्या लहान खिंडी, नाळा, टेपाडे यांना नाव होते पण एक मैलास एक इंच प्रमाणाच्या नकाशावर जागा नव्हती, त्यांची नोंद राहून गेली. नकाशा मुके करतो, असा आरोप आम्ही करणार नाही. पण त्याने जे ऐकले नाही ते पुढील पिढ्यांना नव्हतेच असे वाटू लागले, एवढे खरे.

स्वातंत्र्यानंतर हा नकाशा आपला झाला, आणि तरीही आपल्या हाती आला नाही. सीमा आणि समुद्रकिनारा यांपासून आत एका रुंद पट्ट्यातील स्थलनिर्देशक नकाशे संरक्षणाच्या कारणास्तव सामान्य नागरिकाला विनापरवाना मिळत नसत. कोकण आणि त्यावरच्या घाटवाटा बऱ्याच अंशी याच पट्ट्यात मोडतात. अमात्यांची झाडी आता कपाटात वाढवली गेली, असे म्हणावयास हरकत नाही. त्यामुळे महाराष्ट्रात डोंगरभटकंतीची जी परंपरा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उभी राहिली ती नकाशावाचनाची परंपरा म्हणून वाढलीच नाही. ती सांगण्याची आणि लिहिण्याची परंपरा म्हणून वाढली. गोनीदांची ‘दुर्गभ्रमणगाथा’, प्र. के. घाणेकरांचे किल्ल्यांवरील लेखन, आनंद पाळंदे यांची ‘डोंगरयात्रा’ ही पुस्तके पाठपिशवीतून हिंडली. तेथे वाट वाक्यांतून सांगितलेली असते, फार तर हाताने काढलेल्या रेखाटनातून. मराठीत दुर्गसाहित्य इतके का लिहिले गेले, याची भावनिक कारणे सर्वांना ठाऊक आहेत. नकाशा सहजी मिळत नव्हता हे रुक्ष कारणही त्यांत धरावे, असे आमचे मत आहे.

ज्यांच्या हाती नकाशा पडला त्यांना तो वाचायला शिकावे लागले. १:५०,००० प्रमाणाच्या टोपोशीटवर दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर, आणि दोन समोच्च रेषांमध्ये २० मीटर उंची. रेषा विरळ असतील तेथे पठार, दाट होतील तेथे उतार, एकमेकींना चिकटतील तेथे कडा. उताराकडे फुगवटा असेल तर सोंड, चढाकडे असेल तर घळ. हे वाचन कवितेच्या वाचनासारखे आहे असे म्हणण्याचा मोह होतो, पण तो आवरावा. ते अधिक व्याकरणाच्या जवळचे आहे. त्यात मर्यादाही आहे. पंधरा मीटरचा उभा कातळ दोन रेषांच्या मध्ये बेमालूम मावतो आणि नकाशावर त्याचा मागमूस राहत नाही. पंधरा मीटर म्हणजे पाच मजली इमारत. कागदावर चढता येण्याजोगी दिसणारी घळ प्रत्यक्षात दोराशिवाय पार होत नाही, ती यामुळे. वाटाड्याच्या एका ‘तिकडून नाही जमायचे’मध्ये हा कातळ असतो.

होकायंत्राची गोष्ट त्या मानाने साधी. चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतील फरक आपल्याकडे एका अंशाहूनही कमी असल्याने, उत्तर अमेरिकेतील किंवा न्यूझीलंडमधील भटक्याला जी बेरीज-वजाबाकी करावी लागते ती सह्याद्रीत जवळजवळ करावीच लागत नाही. मात्र येथला काळा कातळ लोहखनिजयुक्त असल्याने त्याला खेटून धरलेला काटा क्वचित भलतीकडे वळतो. यंत्र खडकापासून दूर धरून पुन्हा पाहावे लागते. याच कातळाबद्दलची एक हकीकत सांगितल्यावाचून राहवत नाही. लाव्हा थिजताना त्यातील चुंबकीय कण त्या वेळच्या उत्तरेला अनुसरून कायमचे बसतात. १९५० च्या दशकात ब्रिटिश शास्त्रज्ञांनी दख्खनच्या कातळाचे नमुने तपासले तेव्हा असे दिसले की हा लाव्हा वाहत होता त्या काळी भारतभूमी विषुववृत्ताच्या दक्षिणेस होती. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे आपले ठिकाण या डोंगराने स्वतःच नोंदवून ठेवले आहे. असो.

जीपीएसचा जन्म लष्करी. पहिला उपग्रह फेब्रुवारी १९७८ मध्ये सोडला गेला. १ सप्टेंबर १९८३ रोजी कोरियन एअर लाइन्सचे एक प्रवासी विमान वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरले आणि पाडले गेले. २६९ माणसे दगावली. त्यानंतर काही दिवसांतच ही यंत्रणा पूर्ण झाल्यावर नागरी वापरासाठी खुली करण्याचे अमेरिकेने जाहीर केले. तथापि नागरिकांसाठीच्या संकेतात मुद्दाम खोट मिसळलेली असे, त्यामुळे आपले ठिकाण सुमारे शंभर मीटरने इकडेतिकडे दाखवले जाई. मे २००० च्या आरंभी, राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या आदेशाने, ती खोट काढून टाकण्यात आली. एका रात्रीत जगभरच्या यंत्रांची नजर सुधारली. यंत्रे तीच होती. वाट लपवण्याचा तो अमात्यांचा विचार वीस हजार किलोमीटर उंचीवरही पोहोचला होता, हे या निमित्ताने लक्षात येते. भारताने २०१३ पासून स्वतःचे दिशादर्शक उपग्रह सोडण्यास आरंभ केला त्यामागे अशा परावलंबनाची जाणीव होती.

आपल्याकडे २००५ हे वर्ष विशेष. त्या वर्षी राष्ट्रीय नकाशा धोरणाने संरक्षणासाठीचे नकाशे आणि खुले नकाशे अशी दोन मालिकांची विभागणी केली. त्याच वर्षी गुगल अर्थ आले आणि संगणकासमोर बसलेल्या कोणालाही कोकणकडा वरून दिसू लागला. सरकारने दार किलकिले केले तोवर खिडकी बाहेरून सताड उघडली गेली होती.

या काळात नकाशा आणि यंत्र दोन्ही सोबत नेणाऱ्यांना एक चमत्कारिक अडचण आली. जुनी टोपोशीटे एव्हरेस्टने १८३० साली बसवलेल्या पृथ्वीच्या आकारावर आधारलेली. जीपीएस मानते तो आकार १९८४ चा. यंत्रात योग्य ती निवड केली नाही तर एकाच अक्षांश-रेखांशाच्या दोन जागांत पन्नास-शंभर मीटरांचा फरक सहज पडे. मैदानात हा फरक हसण्यावारी नेता येतो. कोकणकड्याच्या काठावर धुक्यात पन्नास मीटर म्हणजे काय, हे सांगावयास नको. हिंगणघाटपर्यंत पोहोचलेल्या त्या साखळीचा आणि उपग्रहाचा असा मुकाबला झाला. यांतला कोणता आकार खरा, असे विद्यार्थी विचारतात. आकार दोन्ही कल्पिलेलेच आहेत; एव्हरेस्टचा भारतीय उपखंडाला घट्ट बसावा म्हणून बेतलेला, दुसरा सगळ्या पृथ्वीला सरासरीने बसावा म्हणून.

आता फोनमध्ये कोणाची तरी ‘ट्रॅक’ उतरवून घ्यायची आणि तिच्यावरून चालायचे, ही पद्धत रूढ झाली आहे. आम्हांस तिच्यात पोथीची नक्कल दिसते. एका माणसाने एका दिवशी एका ऋतूत चाललेली वाट दुसरा उतरवतो, तिसरा दुसऱ्याची उतरवतो. मूळ माणूस जेथे चुकून ढोरवाटेला लागला आणि परत फिरला ती चूकही नकलेत उतरते, आणि दहा जण इमानाने तेथपर्यंत जाऊन परत फिरतात. दोन उंच कड्यांमधल्या नाळेत उपग्रहाचे संकेत भिंतीवर आपटून येतात, तेव्हा वाटेची रेषा कड्यावरून उडी मारताना दिसते. नाळेत लिहिणाऱ्याचा हात थरथरला, असे म्हणू या. फेब्रुवारीतील वाट जुलैत ओढा असते, हे रेषेला ठाऊक नसते. पाठचिकित्सेचे जे नियम आपण ज्ञानेश्वरीच्या प्रतींना लावतो, म्हणजे प्रत कोणाची, केव्हाची, कशावरून उतरवलेली आणि दुसऱ्या स्वतंत्र प्रतीशी जुळते का, तेच नियम येथेही लावावे लागतात. ते न लावता चालणाऱ्याचा दोष यंत्रावर टाकणे बरे नव्हे.

परंतु यंत्राच्या बाजूने एवढे बोलूनही एक गोष्ट शिल्लक राहते. २००८ मध्ये जपानच्या तोरू इशिकावा यांनी सहकाऱ्यांसह एक अभ्यास प्रसिद्ध केला. अनोळखी वस्तीत काहींनी जीपीएसच्या आधारे वाट काढली, काहींनी कागदी नकाशावरून, आणि काहींना ती वाट आधी सोबत नेऊन एकदा दाखवण्यात आली होती. जीपीएसवाल्यांनी इतर दोघांहून जास्त अंतर तोडले आणि ते अधिक वेळा थांबले. नंतर वाटेचे रेखाटन काढावयास सांगितले तेव्हा सोबत्याबरोबर आधी चालून आलेल्यांहून त्यांचे रेखाटन सदोष ठरले. वाद नकाशा आणि जीपीएस यांचा म्हणून मांडला जातो, आणि या प्रयोगात उजवा ठरला तो तिसराच. वाटाड्यामागून एकदा चालून आलेला.

आमचे मत म्हणून सांगावयाचे तर, डोंगरात जाताना फोन न्यावा, विजेचा साठा न्यावा, आणि नकाशा व होकायंत्रही न्यावे. पण निघण्यापूर्वी पायथ्याच्या वाडीत कोणाशी तरी बोलावे. उपग्रहाने अंतराळातून पाहिले त्यापेक्षा त्या बाईने काल सरपण आणताना पाहिलेले ताजे असते. दरड कोसळून वाट मोडली असेल तर ती प्रथम तिला कळते. शिवाय वाटाड्या नेला तर त्याला त्याच्या दिवसाचे योग्य पैसे द्यावेत. ट्रॅक फुकट मिळू लागल्यापासून अनेक वाड्यांतील हे उत्पन्न आटत चालले आहे, याचा हिशोब सोयीच्या चर्चेत धरला जात नाही.

नकाशांवरची बंधने पुढे सैल झाली. २०१७ पासून खुल्या मालिकेतील नकाशे महाजालावरून उतरवून घेता येऊ लागले आणि १५ फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी भारतीयांना नकाशे काढण्यास व वापरण्यास बहुतांशी मोकळीक दिली. उपग्रहावरून संदेश धाडणाऱ्या गिर्यारोहकांच्या यंत्रांना मात्र परवाना लागतो. तसे यंत्र जवळ असल्यावरून २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर एका परदेशी पाहुणीला अडवल्याची बातमी आली होती. भटक्यांच्या बहुतेक फोनांतला नकाशा ज्या माहितीवर चालतो ती ओपनस्ट्रीटमॅप या २००४ मध्ये सुरू झालेल्या मुक्त प्रकल्पातली. तिथे कोणालाही नोंद करता येते. प्रत्येक ठिकाणाच्या नावासाठी निरनिराळ्या भाषांचे रकाने आहेत आणि त्यांत मराठीचाही आहे. सह्याद्रीतल्या कित्येक नाळा, बाऱ्या आणि टेपाडांपुढे तो अजून कोरा आहे. ती नावे ज्यांच्या तोंडी आहेत त्यांतले बरेच जण आता सत्तरीच्या पुढे गेलेले आहेत.